स्कूबा शिकताना कोणती शंका ऐकावी आणि कोणती उसळी आवरावी

मुंबईहून स्कूबा डायव्हिंग शिकायला निघालेल्या माणसाला दोन गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्या वरवर पाहता एकमेकींच्या उलट वाटतात. पाण्यात उतरण्याआधी मनात पाल चुकचुकली, म्हणजे बोट, साधने, शिक्षक किंवा स्वतःची तब्येत यांपैकी काही खटकले, तर कारण नेमके सांगता येवो न येवो, त्या शंकेला मान द्यायचा. पाण्याखाली गेल्यावर मात्र घाबरलेले शरीर जी पहिली उसळी घेते, म्हणजे श्वास रोखून धरणे आणि जिवाच्या आकांताने वर धावणे, ती सरावाने मोडून काढायची. पुष्कळ नवशिक्यांचे नेमके उलटे होते. किनाऱ्यावर ते भिडेखातर गप्प बसतात आणि पाण्याखाली शरीराचे ऐकून वर झेपावतात. या दोन्ही सवयी बदलता येतात, आणि त्या बदलण्याचे बरेचसे काम समुद्र दिसण्याच्या आधी, इथे मुंबईतच करता येते.

अनुभव हवा आहे की शिक्षण, हे आधी ठरवा

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पर्यटकांना मिळते ती बहुधा अनुभवापुरती डाइव्ह असते. काठावर किंवा बोटीवर थोडी माहिती देतात, मग एक मार्गदर्शक तुमचे सिलिंडर धरून तुम्हाला उथळ पाण्यात फिरवून आणतो. पाण्याखालची सगळी जबाबदारी त्याच्या हातात असते. ‘पाडी’ या १९६६ साली स्थापन झालेल्या, डायव्हिंगचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमांत अशा पहिल्या डाइव्हची कमाल खोली १२ मीटर आहे. तिच्याच ‘ओपन वॉटर डायव्हर’ या पहिल्या खऱ्या अभ्यासक्रमात मात्र पुस्तकी भाग, जलतरण तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह एवढे सगळे येते, आणि तो पूर्ण करणाऱ्याला १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याची पात्रता मिळते. न थांबता २०० मीटर पोहणे (किंवा मास्क, पायांत फिन आणि श्वासाची नळी म्हणजे स्नॉर्केल लावून ३०० मीटर) आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे ही त्यातली अट आहे. पोहता न येणाऱ्याने अनुभवाची डाइव्ह जरूर करावी, पण ‘मला स्कूबा येते’ असे स्वतःला सांगू नये. पुढच्या वेळी तेच वाक्य त्याला झेपणार नाही अशा खोलीवर घेऊन जाईल.

मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी गाळाने इतके गढूळ असते की इथल्या समुद्रात नवशिक्यांना शिकवणे व्यवहार्य नाही. त्यामुळे पुस्तकी भाग आणि तलावातला सराव शहरात करायचा आणि समुद्रातल्या डाइव्ह मालवण, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमानात जाऊन पूर्ण करायच्या, अशी विभागणी अनेक जण करतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हीच पद्धत सर्वांत चांगली वाटते. तलावात चुकण्याला वेळ मिळतो, परतीची गाडी गाठायची नसते, आणि एखादा सराव जमला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतो.

फोनवरचे प्रश्न

आगाऊ रक्कम भरण्याआधी एक फोन करावा आणि तो घाईत करू नये. शिकवणारा प्रशिक्षक आहे की डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाला मदत करणारा मार्गदर्शक, हे विचारावे, कारण पहिल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र प्रशिक्षकच देऊ शकतो. त्याचा सदस्य क्रमांक मागावा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तो सध्या शिकवण्यास पात्र आहे का, ते पाहावे. एका प्रशिक्षकामागे समुद्रात किती विद्यार्थी असतील, हेही विचारावे. पाडीच्या नियमांत अभ्यासक्रमासाठी ही कमाल संख्या आठ आणि अनुभवाच्या डाइव्हसाठी चार आहे, आणि गढूळ पाण्यात किंवा लाटा असताना चांगला प्रशिक्षक ती आपणहून कमी करतो. बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, तो वापरायला कोण शिकलेले आहे, आणि डाइव्हनंतर कोणाला त्रास झाला तर रिकम्प्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवून उपचार करण्याची बंद खोली) असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात कसे नेणार, हे प्रश्न विचारताना अनेकांना संकोच वाटतो. तो बाळगू नये.

उत्तरांइतकीच ती देण्याची तऱ्हा महत्त्वाची असते. ‘ऑक्सिजन आहे, आल्यावर दाखवतो’ म्हणणारा माणूस आणि ‘एवढे प्रश्न कोणी विचारत नाही हो’ म्हणून हसण्यावारी नेणारा माणूस यांच्यातला फरक फोनवरच कळतो. यांतल्या दुसऱ्या माणसाकडे पैसे भरू नयेत, मग तो कितीही स्वस्त असो.

हंगामाचा प्रश्नही याच फोनवर मिटवावा. कोकणात साधारण ऑक्टोबर ते मेच्या पूर्वार्धापर्यंत समुद्र डाइव्हिंगजोगा असतो. मेच्या उत्तरार्धात वारा फिरतो, लाटा वाढतात आणि पाण्याखालची दृश्यता घटते, पण शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असल्यामुळे गर्दी मात्र टिपेला पोहोचते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. स्कूबाचा धोका केवळ पाण्याखाली असतो असे समजणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. जातानाचा आणि येतानाचा बोटीचा प्रवास हा डाइव्हचाच भाग आहे. लाइफ जॅकेट अंगात घातलेले आणि पट्टे आवळलेले असले पाहिजे, मांडीवर ठेवलेले चालत नाही, आणि बोटीत माणसे जास्त वाटली तर मोजून विचारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

आरोग्याचा फॉर्म आणि आदली रात्र

वैद्यकीय प्रश्नावली म्हणजे सही करून टाकायचा कागद नव्हे. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा जुना आजार, गर्भारपण यांबद्दलचे प्रश्न पाण्याच्या दाबाशी थेट जोडलेले आहेत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे लागते, आणि ते मुंबईतून निघण्याआधी घेणे सोपे असते. बोटीवर बसल्यावर फॉर्म हातात आला आणि शेजारचा म्हणाला की ‘सगळीकडे नाही लिही, नाहीतर उतरू देणार नाहीत’, तर तो सल्ला ऐकू नये.

सर्दीच्या बाबतीत कोणतीही तडजोड नको. रात्रभर एसी बसने किंवा कोकणकन्येने प्रवास करून पहाटे उतरलेल्या माणसाचे नाक बरेचदा चोंदलेले असते. पाण्यात खोल जाताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब वाढतो आणि नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून आतला दाब त्याच्या बरोबरीला आणावा लागतो. नाक बंद असेल तर हे होत नाही, आणि जोर लावला तर कानाला इजा होऊ शकते. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणेही धोक्याचे आहे. तिचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही, एवढे घरीच ठरवून टाकावे. आदल्या रात्री मद्य घेऊ नये, झोप पुरी घ्यावी, सकाळी हलके खाऊन पाणी प्यावे. शनिवारी सकाळी पोहोचून लगेच पाण्यात उतरण्याऐवजी रविवारची सकाळ निवडणे हा साधा बदलही पुष्कळ फरक पाडतो.

साधने स्वतःच्या हाताने पाहा

प्रशिक्षकाने सर्व काही जोडून दिले असले तरी तपासणी तुमच्यासमोर झाली पाहिजे. बीसीडी, म्हणजे हवा भरता येणारे जॅकेट, फुगवून पाहावे आणि त्यातली हवा काढणारे बटण चालते का, ते दाबून पाहावे. पाण्याखाली जाता यावे म्हणून कमरेला बांधलेल्या वजनाच्या पट्ट्याचा खटका कोणत्या हाताने एका झटक्यात सुटतो, ते डोळे मिटून करून पाहावे, कारण पृष्ठभागावर तरंगत राहणे कठीण झाले तर तो पट्टा टाकून द्यायचा असतो. जोडीदारासाठी असलेला जादा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन, कुठे अडकवला आहे, हेही बघून ठेवावे.

हवेची तपासणी थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथेच घाई होते. दाबमापक हातात धरून त्याच्या काट्याकडे पाहत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्यावेत. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली झुकून पुन्हा वर येत असेल तर वॉल्व्ह पुरेसा उघडलेला नाही. वर ठीक वाटणारी हीच हवा खोलीवर गेल्यावर अपुरी पडू लागते. त्याच चार श्वासांत हवेचा वास आणि चव लक्षपूर्वक घ्यावी. चांगल्या हवेला दोन्ही नसतात. तेलकट, रबर जळल्यासारखा किंवा गाडीच्या धुरासारखा किंचितही वास आला तर ते सिलिंडर परत करावे, कारण कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढला असेल तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड आलेला असू शकतो, आणि त्या वायूला स्वतःचा वास नसतो. ‘थोडा वास येतोच’ हे उत्तर स्वीकारू नये.

वजन जास्त देण्याची सवयही सर्रास दिसते, कारण जड विद्यार्थी लवकर खाली जातो आणि मार्गदर्शकाचे काम सोपे होते. जॅकेट रिकामे करून, नेहमीचा श्वास रोखून, पृष्ठभागावर उभे तरंगल्यावर पाणी साधारण डोळ्यांच्या रेषेत आले तर वजन बरोबर आहे. श्वास रोखायचा तो एवढ्या एका चाचणीपुरताच, तोही पाण्याच्या वर. दगडासारखे खाली जात असाल तर वजन कमी करायला सांगावे.

नाही म्हणणे

आता सर्वांत अवघड भाग. ऑफिसच्या दहा जणांचा गट आहे, पैसे भरून झाले आहेत, सगळ्यांनी डायव्हिंगचे वेटसूट चढवले आहेत, आणि बोटीच्या काठावर बसलेल्या तुमच्या पोटात गोळा आला आहे. मालवणचा मार्गदर्शक आपुलकीने म्हणतो, ‘काय होवचा नाय, मी आसंय मा.’ त्याचा हेतू चांगलाच असतो, आणि समुद्रावर वाढलेली ही माणसे पाण्यात अतिशय कुशल असतात, यात शंका नाही. पण तुमच्या कानात काय होते आहे, छाती किती धडधडते आहे, हे त्याला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला कळते.

डायव्हिंगमध्ये जगभर मान्य असलेला संकेत असा आहे की कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने किंवा कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला जाब विचारायचा नाही. आपल्याकडे हा संकेत माहीत असूनही पाळला जात नाही, कारण भीड आडवी येते. म्हणून शब्द आधीच तयार ठेवावेत. ‘दादा, आज मी उतरत नाही’, एवढे पुरते. त्यापुढे स्पष्टीकरण देऊ लागलात की वाद सुरू होतो आणि वादात अनुभवी माणूस जिंकतो. नुसती धाकधूक आहे की खरी शंका आहे, हे कळत नसेल तर ती प्रश्नाच्या रूपात मांडून पाहावी: ‘या मास्कमध्ये पाणी शिरतंय, बदलून मिळेल का?’, ‘मला अजून एकदा हाताच्या खुणा दाखवाल का?’ उत्तर मिळाल्यावर मन शांत झाले तर ती नवखेपणाची धाकधूक होती आणि उतरायला हरकत नाही. उत्तरानंतरही खटकतच राहिले, किंवा उत्तरच मिळाले नाही, तर उतरू नये. बुडालेल्या पैशांचा हिशेब या निर्णयात आणूच नये.

गटातल्या इतरांचेही यात कर्तव्य आहे. जो नको म्हणतो त्याची थट्टा करू नये. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांनी अधिकच जपावे. पाडीच्या नियमांत समुद्रातल्या डाइव्हसाठी किमान वय १० वर्षे आहे, पण वय भरले म्हणजे मुलाची तयारी झाली असे नाही, आणि फोटोसाठी रडणाऱ्या मुलाला पाण्यात ढकलणे अत्यंत चुकीचे आहे.

स्त्रियांसाठी एक वेगळी गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. साधने चढवताना आणि पाण्याखाली आधार देताना प्रशिक्षकाचा हात दंडाला, खांद्याला, सिलिंडरला लागतोच. कुठे आणि कशासाठी धरणार, हे त्याने आधी सांगणे ही व्यावसायिक रीत आहे. स्पर्श खटकला तर तिथेच बोलावे, प्रशिक्षक बदलून मागावा किंवा डाइव्ह थांबवावी. ‘आपलाच गैरसमज असेल’ म्हणून सहन करण्याची काहीही गरज नाही.

खुणांबद्दल एक गोष्ट नवशिक्यांना वारंवार सांगावी लागते. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा असतो. सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे तर्जनी आणि अंगठा जुळवून केलेले वर्तुळ. पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवला की काहीतरी बिनसले आहे, आणि मग ज्या अवयवाचा त्रास असेल त्याकडे बोट दाखवायचे. पाण्याखाली तुमची शंका दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा हाच मार्ग असल्यामुळे या खुणा बोटीवर प्रत्यक्ष करून पाहाव्यात.

पाण्याखालची उसळी

समुद्रात दर १० मीटरला दाब एक वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब असतो तेवढ्याने, वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. सिलिंडरमधली हवा त्या त्या खोलीच्या दाबाने मिळते, म्हणून १० मीटरवर भरलेला श्वास रोखून कोणी वर आले तर त्या हवेचे आकारमान पृष्ठभागापर्यंत दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसे तेवढी ताणली जाऊ शकत नाहीत. ती फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात, आणि असे होण्यासाठी फार खोलीही लागत नाही. पूर्ण भरलेल्या छातीने श्वास रोखला तर दीड मीटरही पुरतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच की श्वास कधीही रोखायचा नाही, आणि रेग्युलेटर तोंडाबाहेर असेल तेव्हा बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

घाबरल्यावर माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. त्यामुळे कार्बन डायॉक्साइड साचतो, त्यामुळे हवा पुरत नाही असे वाटते, आणि त्यामुळे तो आणखी भराभर श्वास घेतो. हे चक्र श्वास बाहेर सोडण्यापासून तोडायचे असते. जागीच थांबावे, प्रशिक्षकाचा हात किंवा दोर धरावा, हवा सावकाश पूर्ण बाहेर सोडावी, मग आत घ्यावी. असे तीन-चार वेळा झाल्यावरच पुढे काय करायचे ते ठरवावे. वर जायचे ठरले तर खूण करून, प्रशिक्षकाबरोबर, सावकाश जावे. मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग नको, आणि खोल डाइव्हनंतर ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे. खोकला किंवा उलटी आली तरी रेग्युलेटर तोंडातच ठेवावा. त्यातून दोन्ही करता येते.

या सगळ्याची तयारी तलावात होते. बहुतेकांचा धीर सुटतो तो मास्कमध्ये पाणी शिरल्यावर. त्यासाठी मास्क न लावता, चेहरा पाण्यात ठेवून, स्नॉर्केलने काही मिनिटे शांतपणे श्वास घेण्याचा सराव करावा. नाकाला पाणी लागते तरीही तोंडाने श्वास चालू राहतो, हे शरीराला पटावे लागते. मग मास्क अर्धा भरू द्यावा, त्याची वरची कड कपाळावर दाबावी, नजर किंचित वर करावी आणि नाकाने हवा सोडावी. पाणी खालून निघून जाते. जमले म्हणून थांबू नये. कंटाळा येईपर्यंत करावे, कारण कंटाळा आला म्हणजे भीती गेली.

कानाच्या बाबतीत दुखण्याची वाट पाहू नये. पाय खाली ठेवून सावकाश उतरावे आणि दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळे करावेत, विशेषतः पहिल्या १० मीटरमध्ये, कारण दाबातला प्रमाणशीर फरक तिथेच सर्वाधिक असतो. कान दुखला तर खूण करून एक मीटर वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही न झाल्यास ती डाइव्ह तिथेच संपली. दाबमापक वारंवार पाहावा आणि ५० बार शिल्लक असताना आपण पृष्ठभागावर असू, असे नियोजन असावे. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधून वर यावे, त्यानेही तेच करायचे असते.

डाइव्हनंतर

खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडण्याआधी उंचावर जाऊन हवेचा दाब आणखी घटला तर शरीरात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानाने जाऊ नये, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला आहे. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असा बेत मोह घालतो, पण तो करू नये. घाटाचाही विचार करावा: आंबोली साडेसहाशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे कोल्हापूरमार्गे परतणाऱ्यांनी हीच काळजी घ्यावी. कोकण रेल्वेने किंवा किनाऱ्यालगतच्या महामार्गाने येणाऱ्याला एवढी उंची लागत नाही.

परतल्यावर सांधे दुखणे, मुंग्या येणे, एखादा भाग बधिर होणे, चक्कर, न पेलणारा थकवा किंवा श्वासाला त्रास यांपैकी काहीही जाणवले, तर ते प्रवासाच्या शिणावर ढकलू नये. ही लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात, म्हणजे तोवर तुम्ही मुंबईत घरी किंवा कार्यालयात पोहोचलेले असता, आणि तिथल्या डॉक्टरांना तुम्ही समुद्रात उतरला होता याची कल्पना नसते. रुग्णालयात गेल्यावर पहिल्या वाक्यातच ‘मी काल स्कूबा डायव्हिंग केले आहे’ असे सांगावे, खोली आणि वेळ सांगावी, आणि ऑक्सिजन लावण्याबद्दल विचारावे. डाइव्हची खोली, वेळ आणि प्रशिक्षकाचा फोन क्रमांक यासाठीच त्या दिवशी लिहून ठेवायचा असतो.